सकपाळकाकांची हजेरी

आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नकाशा उघडला की पोलादपूरच्या वर, महाबळेश्वरला जाणाऱ्या घाटात, एका वळणावर लाल ठिपक्यांचा नुसता ढीग दिसायचा. एक ठिपका म्हणजे कंपनीच्या माणसाने गिऱ्हाइकाची घेतलेली एक भेट. त्या वळणावर घर नाही, दुकान नाही, चहाची टपरीसुद्धा नाही. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. आणि तिथे आमच्या सकपाळकाकांनी दीड महिन्यात शंभरावर गिऱ्हाइकांना भेटल्याची नोंद होती.

पुण्याहून निखिल सर आले. आमचे रिजनल मॅनेजर. वय तिशीच्या थोडं पुढे, माणूस वाईट नाही, पण आमचा मुलूख त्यांनी गाडीच्या काचेतूनच पाहिलेला. त्यांनी स्क्रीन काकांकडे वळवली नि विचारलं, "सकपाळ, तुमचे सगळे क्लायंट या एकाच वळणावर कसे भेटतात?"

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, ठिपके नीट न्याहाळले. "साहेब, तितं रेंज भेटते," ते शांतपणे म्हणाले. "मानसं वरती भेटतात."

मी तोंडात ओढणीचा बोळा कोंबून बसले होते, नाहीतर त्याच दिवशी माझी नोकरी गेली असती.

मी वैशाली. महाडचीच. तोंडाने फटकळ म्हणून सासर-माहेर दोन्हीकडे नाव आहे, आणि ते खोटं नाही. आमची कंपनी शेतीची छोटी यंत्रं विकते. पॉवर टिलर, गवत कापायची मशीन, पाण्याचे पंप. हेडऑफिस तिकडे दिल्लीच्या बाजूला. महाडच्या शाखेत मी टेबलावर, आणि यशवंत सकपाळ फिरतीवर. काका पंचवीसेक वर्षं हा भाग पायाखाली घालत होते. इकडे वरंधपासून तिकडे पोलादपूरच्या शेवटच्या वाडीपर्यंत एकही खळं नसेल जिथे त्यांनी बूट काढले नाहीत. बूट मात्र खळ्याच्या बाहेर. सारवलेल्या अंगणात बूट घालून पाय टाकणारा सेल्समन त्यांच्या लेखी माणसातच जमा नव्हता.

खुर्ची दिली तरी ते बसायचे नाहीत. पडवीच्या पायरीवर टेकायचे, पंच्याने मान पुसायचे, आणि पहिला अर्धा तास यंत्राचा शब्द काढायचे नाहीत. गाय व्याली का, मुंबईच्या सुनेला दिवस गेले होते त्याचं काय झालं, विहिरीचा गाळ काढला का. बॅगेत कंपनीची रंगीत पत्रकं तळाला, आणि वर दोन स्पार्क प्लग, दोरीचा गुंडाळा, पान्यांचा जुडगा. कुणाचं टिलर बंद पडलंय असं कळलं की पाय तिकडे वळलेच. लांबून आवाज ऐकून सांगायचे, "सर्दी झालीय त्याला. कार्बोरेटर साफ करा." बरोबर निघायचं. मी एकदा म्हटलं, काका, तुम्ही विकायला जाता की दुरुस्तीला? तर म्हणाले, "मशीन इकायची नसते गो बाय. मानूस राखायचा असतो. मानूस राखला की मशीन आपल्या पायानं जाते त्याच्याकडं."

मला हे तेव्हा भाबडं वाटायचं. पण आकडे त्यांचेच चांगले असायचे, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

पोलादपूरच्या वर एका वाडीत लखूबाबा मोरे म्हणून म्हातारा आहे. त्या वाडीत पहिलं टिलर काकांनी दिलं. तेव्हा रस्ता नव्हता. काकांनी ते खाली डांबरी सडकेवर सुटं केलं, वाडीतल्या चार गड्यांनी तुकडे खांद्यावर घेतले, इंजिन मात्र बांबूला बांधून, पालखीसारखं. वर खळ्यावर काकांनी पुन्हा जोडलं. लखूबाबाचा बैल त्याच साली गेला होता. त्याने टिलरला बैलाचंच नाव ठेवलं, राजा. आणि हे आमचे महाशय. सर्व्हिसच्या कागदावर 'यंत्राची स्थिती' या रकान्यात लिहून आले, 'राजाची तब्येत ठीक.' तो कागद हेडऑफिसपर्यंत गेला. तिकडून फोन आला, हू इज राजा. मी सांगितलं, जुना कस्टमर आहे.

तर अशा माणसाच्या हातात कंपनीने मोबाइल दिला आणि मोबाइलात सीआरएम, म्हणजे गिऱ्हाइकांच्या भेटींची वही. गिऱ्हाइकाला भेटलात की तिथेच उभं राहून बटण दाबायचं, म्हणजे नकाशावर ठिपका उमटतो. मग भेटीत काय झालं ते लिहायचं. ठिपका नाही तर भेट नाही, भेट नाही तर फिरतीचा भत्ता नाही. काका त्याला हजेरी म्हणायचे. शिकवायचं काम माझ्या गळ्यात आलं. तीन दिवस शिकवलं. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "बाय, माजी बोटं पान्याची हायत. ही काच दाबली की तीन अक्षरं एकदम उटतात."

शेवटी आम्ही एक तोड काढली. वाड्यांमध्ये रेंज नाहीच. दिवसभराच्या भेटी उरकून काका त्या वळणावर यायचे, दगडावर बसायचे, बटण सात-आठ वेळा दाबायचे. मग मला फोन. "हजेरी घाल गो." ते सांगायचे नि मी त्यांच्या नावाने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर इंग्रजीत लिहायची. हे नियमात बसत नव्हतं, पण नियमात बसणारं दुसरं काय होतं तेही कुणी सांगितलं नव्हतं.

आता खरी गंमत पुढे. गंमत कसली, फास होता तो, पण तेव्हा दिसला नाही.

भेटीचा निकाल निवडायला तीन पर्याय. इंटरेस्टेड, नॉट इंटरेस्टेड, फॉलो-अप. आमच्याकडे तोंडावर कुणी कुणाला नाही म्हणत नाही. 'बघू' म्हणतात. काकांच्या लेखी बघूचे तीन प्रकार होते. नुसतं 'बगू' म्हणजे नाही. 'बगू, बगू' म्हणजे यंदा नाही, शिमग्याला मुंबईवाले आले की परत विचार. आणि 'बगू की' म्हणजे मनात आलंय, आता घाई करू नको. फोनवर ऐकून मला तिन्ही सारखेच वाटायचे. म्हणून मी विचारायची, काका, नॉट इंटरेस्टेड टाकू? ते खवळायचे. "पायरीवर बसून त्यांचा चा प्यालो नि त्यांच्या नावावर नाय मारू व्हय? फालोप टाक."

सगळं फालोप. महिनेच्या महिने फालोप.

मग कंपनीने सुधारणा केली. आपापल्या भाषेत लिहा म्हणाले. कॉम्प्युटर स्वतः इंग्रजी करेल, स्वतः वाचेल, आणि कोणतं गिऱ्हाईक किती तापलंय ते स्वतः ठरवेल. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. माझं इंग्रजीचं काम वाचलं.

काका सांगायचे ते असं: "लखूबाबाकडं गेलो. म्हातारीचा मोतीबिंदू काढलाय, पट्टी हाय अजून. गाय आटली. जुनं टिलर थकलंय, नव्याचा इषय काढला, बगू म्हनले. चा घेतला, येतो म्हटलं नि उठलो."

रकान्यात एवढं मावायचं नाही. मावलं तरी सात घरांच्या म्हाताऱ्यांचे डोळे नि गाई टाइप करायला मी काय रिकामी बसले होते? मी लिहायची: 'चहा घेतला. बघू म्हणाले. येतो म्हटलं.' संपलं. काका विचारायचे, "म्हातारीचा डोळा घातलास ना?" मी म्हणायची, घातला हो.

नव्हता घातला. आणि 'नि उठलो' हेही गाळलं होतं. दोन शब्द. आपल्याकडे निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, अपशकुन तो, 'येतो'च म्हणतात. वाचणाऱ्याला कळेल की निघणारा माणूस निघाला. एवढं कुणालाही कळतं असं मी धरून चालले. पण वाचणारा कुणी माणूस नव्हताच.

दोन-तीन महिन्यांत काका चमकायला लागले. कंपनीच्या सेल्समनांच्या यादीत नाव वर वर सरकत गेलं. एक दिवस व्हिडिओ मीटिंग झाली, दिल्लीच्या मोठ्या साहेबांनी काकांचं नाव घेतलं, स्क्रीनवर सर्टिफिकेट दाखवलं, सगळ्या शाखांनी टाळ्या वाजवल्या. काका पंचा खांद्यावरून काढून हातात धरून उभे राहिले होते. मीटिंग संपल्यावर मला हळूच म्हणाले, "बाय, मी केलं तरी काय?"

मलाही तोच प्रश्न पडला. म्हणून मी पहिल्यांदा इंग्रजी उघडून बघितलं. एकेका भेटीखाली कॉम्प्युटरने लिहिलं होतं: ग्राहकाने चहा दिला, यंत्र बघण्याची इच्छा दाखवली, आणि येण्याचं कबूल केलं.

'बघू म्हणाले' याचं झालं बघण्याची इच्छा. 'येतो म्हटलं', ते कुणी म्हटलं हे त्यात नाहीच, म्हणून ते गिऱ्हाइकाच्या तोंडी गेलं. त्रेचाळीस घरं आमच्या शोरूमला यायला निघालेली.

मी काकांना वाचून दाखवलं. आधी ते हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "म्हंजी मी जितून जितून उटलो, तितून ते निगाले?" मग हसू थांबलं. म्हणाले, "लाव फोन साहेबाला."

निखिल सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सकपाळ, हे आत्ता कुणाजवळ बोलू नका. त्या आकड्यांवर मी वरती प्लॅन दिलाय. माल निघालाय."

आठवड्यात माल आला. चाळीस टिलर. गोडाऊन भरलं, उरलेली मागच्या पत्र्याखाली ताडपत्री टाकून उभी केली. काका रोज सकाळी येऊन त्या ताडपत्रीकडे बघायचे, आणि फिरतीला जायचे. जाऊन करणार काय? गिऱ्हाइकांना खरंच घ्या म्हणायचं तर ज्यांनी 'बगू' म्हटलं त्यांच्या पाठी लागायचं. हे त्यांनी जन्मात केलं नव्हतं. घ्या न म्हणावं तर माल अंगावर. नोकरीची चार वर्षं उरलेली, बायकोची औषधं कंपनीच्या विम्यावर. मोकळं व्हायला एक फट नव्हती कुठे.

आणि मग हेडऑफिसच्या मुलींनी फोन करायला सुरुवात केली. त्या बिचाऱ्यांना वरून यादी आलेली. आता आमच्याकडची गोष्ट अशी की वाडीतल्या म्हाताऱ्यांकडे असतो बटणांचा फोन, तोही कधी चार्ज केलेला, कधी नाही. म्हणून कंपनीत नंबर दिलेले असतात मुंबईच्या मुलांचे. घाटकोपरला, डोंबिवलीला, कामावर असलेल्या मुलांना फोन गेले, "आपके पिताजी ने नया टिलर लेने के लिए आने का वादा किया था।"

झालं. घराघरांत पेटलं. मुलांना वाटलं, म्हातारा आपल्याला न विचारता टिलर ठरवून बसला. लखूबाबाच्या संतोषने तर फोनवर बापाला नाही नाही ते ऐकवलं. म्हाताऱ्याने देवीची आण घेतली, मी कबूल केलेलं नाय. तर पोरगा म्हणाला, बाबा, कंपनीच्या कॉम्प्युटरात लिहिलेलं आहे. बापाचा शब्द खोटा पडला नि कॉम्प्युटरचा खरा.

काका लखूबाबाकडे गेले तेव्हाचं त्यांनीच मला सांगितलं. म्हातारा पायरीवर बसला होता. ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "येसू, मी कवा रे म्हनलो येतो?"

"तुमी नाय म्हनलात, बाबा," काका म्हणाले. "मी म्हनलो व्हतो."

म्हाताऱ्याला ते कळलं नाही. कसं कळणार? काकांनी सगळं समजावलं, कॉम्प्युटर, इंग्रजी, दिल्ली. लखूबाबाने ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "बगू." त्या दिवशी चहा आला नाही. पंचवीस वर्षांत त्या घरातून चहाशिवाय उठण्याची ही पहिली वेळ, काका म्हणाले.

माल उठला नाही तो नाहीच. चौकशी लागली. पुन्हा व्हिडिओ मीटिंग, या वेळी टाळ्यांशिवाय. पडद्यावर निखिल सर, दिल्लीचे एक साहेब आणि एक बाई. अलीकडे काका, आणि कॉम्प्युटर चालवायला मी. निखिल सरांना सगळं ठाऊक होतं, ते मान खाली घालून कागद चाळत होते. साहेबांनी हिंदीत सांगितलं ते साधं होतं. त्रेचाळीस नोंदी बंद करायच्या आहेत, प्रत्येकीला कारण द्यावं लागेल. कारणं दोनच. एक, 'ग्राहकाने शब्द फिरवला.' दोन, 'कर्मचाऱ्याची चुकीची नोंद.'

काकांनी विचारलं, "पैलं टाकलं तर मानसांचं काय व्हतं?"

साहेब म्हणाले, काही विशेष नाही. ते लाल यादीत जातात. त्यांची सर्व्हिस मागे राहते, पार्ट आले तर आधी इतरांना. काकांचं काही नुकसान नाही, उलट त्यांची नोंद स्वच्छ राहील.

लाल यादी म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. लावणीच्या तोंडावर टिलर बंद पडलं आणि मेकॅनिक पंधरा दिवसांनी आला, तर त्या घराची लावणी हुकली. वर्षाचा भात गेला.

मी आता इथे थांबून एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती माझ्याशिवाय कुणी सांगणार नाही. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. 'नि उठलो' मी गाळलं. नोंद त्यांच्या नावावर असली तरी हात माझा होता. जिभेवर आलं होतं. पण माझी नोकरी कंत्राटी, दर वर्षी कागद नवा होतो, आणि मी, जिच्या तोंडाला महाडात कुणी लागत नाही ती मी, गप्प बसले. काकांना ठाऊक होतं. ते माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, "दुसरं दाब, बाय."

मी त्रेचाळीस वेळा दाबलं. चुकीची नोंद, चुकीची नोंद, चुकीची नोंद. मधे एकदा माझा हात थांबला तर काका म्हणाले, "तू लिवलंस ते माज्याच नावावर हाय. ऱ्हाऊ दे तितंच."

माणसं वाचली. काका अडकले. लेखी ताकीद आली, आणि ताकिदीबरोबर नवा नियम, फक्त त्यांच्यासाठी. यापुढे सकपाळांच्या कुठल्याही भेटीवर विश्वास नाही. भेट संपली की गिऱ्हाइकाच्या नंबरवर ओटीपी जाईल. गिऱ्हाइकाने तो चार आकडी नंबर सकपाळांना सांगायचा, सकपाळांनी मोबाइलात टाकायचा, तरच भेट धरली जाईल. दिवसाला अशा आठ. तीन महिन्यांत पुरत्या भरल्या नाहीत तर बघू, असं पत्रात होतं. हा 'बघू' मात्र आम्हाला बरोबर कळला.

आमच्या भागात ओटीपी म्हणजे काय ते सांगायला नको. कुणाच्या तरी खात्यातून पेन्शन गेलेली असते, आणि ती ओटीपी सांगितल्यामुळेच गेलेली असते. बँकेत पाटी, पोस्टात पाटी, ग्रामपंचायतीत पाटी. कुणालाही ओटीपी देऊ नका. मुंबईची मुलं दर फोनला बजावतात. आणि आता यशवंत सकपाळ घरोघरी जाऊन चहा प्यायल्यावर ओटीपी मागणार.

पहिला आठवडा त्यांनी मागितलाच नाही. नुसते भेटून यायचे. संध्याकाळी मोबाइल माझ्या टेबलावर ठेवायचे, त्यात शून्य. मी म्हणायची, काका, असं कसं चालेल? ते म्हणायचे, "तोंड उगडत नाय गो." दुसऱ्या आठवड्यात निखिल सरांनी मला हुकूम केला, तुम्ही सोबत जा आणि त्यांना सवय लावा. त्यानंतरच्या शनिवारी काका कंपनीत आले नाहीत, आणि पुढे कधीच आले नाहीत. राजीनामा पोस्टाने आला, तोही कुणाकडून तरी इंग्रजीत लिहून घेतलेला. म्हणजे ती सोबत एकाच दिवसाची झाली. तो दिवस लखूबाबाच्या वाडीचा होता.

तोपर्यंत वाडीपर्यंत रस्ता झाला होता आणि शाळेमागे टॉवरही उभा राहिला होता. एक दांडी रेंज यायची. म्हणजे काकांना आता त्या वळणावर बसायची गरज नव्हती. खळ्याबाहेर आम्ही चपला-बूट काढले. म्हातारीचा डोळा आता चांगला झाला होता, तिने काकांना लांबूनच ओळखलं. लखूबाबाही या वेळी "ये रे" म्हणाला. मला हायसं वाटलं. काका पायरीवर टेकले. गाईचं झालं, पावसाचं झालं, जुन्या टिलरचा पट्टा सैल झाला होता तो काकांनी उठून आवळून दिला. चहा आला. हात पुसता पुसता काकांनी माझ्याकडे बघितलं आणि खिशातून मोबाइल काढला.

"बाबा," ते म्हणाले, "संतोषच्या फोनवर आता एक नंबर येल. त्याला इचारून तेवडा मला सांगाल का?"

लखूबाबाने कपाळाला आठी घातली. "कसला नंबर?"

"मी तुमाला भेटलो म्हनून."

"तू हितं बसलायस की माज्याम्होरं."

"व्हय. पन कंपनीला पायजे."

म्हातारा आत जाऊन बटणांचा फोन घेऊन आला. म्हातारीने नंबर लावून दिला. ऐकू कमी येतं म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर. संतोषच्या मागे कारखान्याचा धडधड आवाज होता.

"संतोष, तुज्या फोनवर काय नंबर आलाय का रे? चार आकड्यांचा?"

"आलाय. ओटीपी हाय तो. कोणी मागितला?" संतोषचा आवाज एकदम चढला. "बाबा, किती वेळा सांगितलं तुमाला, ओटीपी कोणाला द्यायचा नसतो. कोण आलाय घरात? कोण हाय तो?"

लखूबाबाने काकांकडे बघितलं. काकांनी म्हाताऱ्याकडे. मधे चहाचे कप होते. माझी खात्री आहे, म्हाताऱ्याला फक्त पोराशी पुन्हा भांडण नको होतं, मागचं भांडण त्याला फार लागलं होतं. मी त्याला दोष देत नाही. मला दोष द्यायचा हक्कही नाही.

"कोन नाय रे," लखूबाबा फोनमध्ये म्हणाला. "कंपनीचा मानूस हाय."

"हाकला त्याला," संतोष म्हणाला, आणि फोन बंद झाला.

म्हातारीने पदर तोंडाला लावला. काकांनी कप उचलला, चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, आणि कप पायरीवर अलगद ठेवला. मोबाइलवर नंबर टाकायच्या मुदतीचे सेकंद उलटे मोजले जात होते, ते संपले. पडद्यावर मराठीत एक ओळ आली: 'भेट झाली नाही.' खाली एकच बटण होतं.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, ती ओळ नीट वाचली, आणि त्या पान्याच्या बोटाने एकदाच, बरोबर जागेवर दाबलं. बटणावर लिहिलं होतं, 'ठीक आहे.'